बर्फावर धावणारी गाडी आणि तिला वाहणारी गाडी



गेल्या नाताळच्या आठवड्यात आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाकडे गेलो असता, त्यांच्या कॅनडातील पुतण्याने पाठविलेले एक छायाचित्र पाहण्यात आले. आता छायाचित्रे टपालाने येत नाहीत, खिशातल्या फोनवर क्षणात येऊन उतरतात. परंतु ती पाहण्यासाठी सारे घर एकत्र जमते, ही जुनी चाल अजून मोडलेली नाही. चित्रात एक मोठी मोटार होती. तिच्यामागे दोन चाकांचा उघडा ट्रेलर जोडला होता आणि त्या ट्रेलरवर दोन चमत्कारिक वाहने आवळून बांधली होती. पुढे चाकांच्या जागी दोन लांब घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, मध्ये मोटारसायकलीसारखे आसन. भोवती गुडघाभर बर्फ. घरातील आजींनी चष्मा लावून ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि नातवाला विचारले, "काय रे बाबा, ही गाडी बिघडली आहे काय?"

"नाही आजी, चांगली चालते."

"मग चालत्या गाडीला दुसऱ्या गाडीवर का म्हणून बसवली?"

नातू हसला, पण त्याला उत्तर देता येईना. खरे सांगावयाचे तर आम्हालाही त्या वेळी नीट देता आले नाही. घरी येऊन त्या विषयावर वाचीत बसलो, तेव्हा ध्यानात आले की आजींनी नेमके वर्मावरच बोट ठेवले आहे. म्हणून आजचे हे सदर त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

या वाहनाला स्नोमोबाईल म्हणतात. आपण तिला बर्फगाडी म्हणू. आज ती अमेरिकेत व कॅनडात बहुतांशी हौसेची वस्तू झाली आहे. पण तिचा जन्म हौसेतून झालेला नाही.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकूर नावाचे एक खेडे आहे. तेथे १९०७ साली जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा मुलगा एका फ्रेंच भाषिक कॅथलिक कुटुंबात जन्मला. लहानपणापासून त्याला यंत्रांचे वेड. पंधरा वर्षांचा असताना, १९२२ साली, त्याने जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन एका घसरगाडीवर बसविले, त्याला लाकडी पंखा लावला आणि भावाला बरोबर घेऊन गावच्या रस्त्यावरून ती धडधडत नेली. उघडा पंखा गरगर फिरत असलेला पाहून वडिलांच्या अंगावर काटा आला व त्यांनी ती गाडी तत्काळ मोडून टाकावयास लावली. कोणत्याही शहाण्या बापाने हेच केले असते, असे आम्हास वाटते.

पुढे त्याने गावातच मोटारदुरुस्तीचे दुकान काढले, लग्न केले, मुले झाली. त्या काळी क्वेबेकच्या खेड्यांत हिवाळा लागला की मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवीत आणि पुन्हा घोड्यांच्या घसरगाड्या बाहेर निघत. कारण रस्त्यांवरचा बर्फ काढावयास कोणी येत नसे. १९३४ च्या हिवाळ्यात बोंबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ पोटातील आंत्रपुच्छाच्या विकाराने एकाएकी अत्यवस्थ झाला. शस्त्रक्रिया होणे अगत्याचे होते. रुग्णालय शेरब्रुक शहरात, सुमारे पन्नास किलोमीटरांवर. आणि रस्ते बर्फाखाली गाडले गेलेले. बापाची बर्फावर चालणारी गाडी अद्याप प्रयोगातच होती, उपयोगी पडेल अशा अवस्थेत नव्हती. मूल दगावले.

ज्याच्या हाती औजार आहे आणि ज्याचे औजार एका हिवाळ्याने मागे राहिले, त्या बापाची अवस्था काय झाली असेल हे लिहिण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. एवढे मात्र नोंदलेले आहे की त्याने काम सोडले नाही. रबरात गुंडाळलेले दात्यांचे चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा, या रचनेवर त्याला १९३७ साली एकस्व मिळाले. सात माणसे बसतील अशी बंद गाडी त्याने विकावयास काढली. पुढे बारा माणसांची. डॉक्टरांनी त्या घेतल्या, टपाल त्यांतून जाऊ लागले, खेड्यांतली मुले त्यांतून शाळेला जाऊ लागली, धर्मगुरू त्यांतून दूरच्या घरी जाऊ लागले.

आणि मग रस्ते मोकळे झाले! १९४८ साली क्वेबेकच्या सरकारने ग्रामीण रस्त्यांवरील बर्फ हिवाळाभर काढीत राहण्याचे धोरण स्वीकारले. लोकांचे हाल संपले आणि बोंबार्दिए यांच्या मोठ्या बर्फगाड्यांचा खप मात्र एकदम घसरला. रस्त्यावर मोटार चालत असताना बर्फगाडी हवी कोणाला? तेव्हा त्यांनी रस्ता नाहीच अशा प्रदेशाकडे दृष्टी वळविली. ऑन्टॅरियो प्रांताच्या उत्तरेस लान्सडाउन हाउस येथे ओब्लेट संघाचे फादर मॉरिस उइमे हे तेथील आदिवासींमध्ये मिशनकार्य करीत असत; ते बोंबार्दिए यांचे स्नेही होते. तेथील प्रवास कुत्र्यांच्या घसरगाडीने होई. एकदोन माणसांना पुरेल अशी हलकी गाडी बोंबार्दिए यांनी १९५९ साली तयार केली, तेव्हा फादर उइमे यांच्याकडे ती नेऊन तिची परीक्षा घेतली गेली. कुत्र्यांची जागा घेणार म्हणून तिचे नाव 'स्की-डॉग' ठेवावयाचे ठरले होते. लिहिणाऱ्याच्या चुकीने शेवटचे अक्षर बदलून ते 'स्की-डू' झाले व तेच राहिले, असे सांगतात. बोंबार्दिए १९६४ साली वारले. दुर्गम प्रदेशासाठी केलेल्या आपल्या गाडीवर शहरांतील लोक रविवारी सहलीस निघू लागले आहेत, एवढे त्यांनी पाहिले.

आता आजींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळाले. रस्ते बंद होते म्हणून ही गाडी जन्मली. रस्ते मोकळे झाले म्हणून तिला आता बर्फ शोधीत जावे लागते. बर्फ काढलेल्या डांबरी रस्त्यावर तिच्या घसरपट्ट्या झिजून जातात, पट्टा तापतो, आणि बहुतेक ठिकाणी सार्वजनिक हमरस्त्यावर ती चालविण्यास कायद्याने मनाईही आहे. म्हणून जी गाडी पूर्वी माणसांना रुग्णालयात वाहून नेई, तिलाच आता मोटारीमागे बांधून शेकडो मैल वाहून न्यावे लागते. जानेवारीच्या एखाद्या शुक्रवारी सायंकाळी शिकागो अथवा मिलवॉकी सोडून उत्तरेस जाणाऱ्या रस्त्यावर असे ट्रेलर एकामागून एक दिसतात.

या वाहून नेण्यात किती शहाणपण लागते, हे वाचताना आम्हास वारंवार आपल्या बैलगाडीची आठवण झाली. गाडीत मागे ओझे अधिक झाले की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याशी फास बसतो. पुढे फार झाले तर बैलांची माने दुखावतात. हे आपल्याकडील बारा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. ट्रेलरचे गणित हेच. दोन बर्फगाड्या आणि ट्रेलर मिळून आठशे ते हजार किलो भरतात. त्यातील दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या आकड्यावर, म्हणजे आपल्या भाषेत जुवावर, पडला पाहिजे. त्याहून कमी पडला, ओझे मागे सरकले, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो आणि पाहता पाहता मोटारीलाच आडवी करतो. अशा वेळी घाबरून ब्रेक दाबणे हीच मोठी चूक. पायाखालचा वेग हळूहळू सोडून देणे हाच उपाय. बर्फाळ रस्त्यावर एकदम ब्रेक दाबला, तर मोटार थांबू पाहते आणि मागचा ट्रेलर थांबत नाही. दोन्ही वाहने कातरीच्या पात्यांसारखी एकमेकांवर मिटतात.

म्हणून जाणते लोक निघण्यापूर्वी तासभर अंगणातच घालवितात. वंगणाशिवाय बैलगाडीचा कणा करकरू लागतो, तसे ट्रेलरच्या चाकांच्या आत ग्रीस भरलेले नसेल तर ती तापून जळतात. फरक इतकाच की बैलगाडी ओरडून सांगते आणि मोटारीत काच लावून बसलेल्या माणसाला मागचे काही ऐकू येत नाही. ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांहून लहान, त्यामुळे तितक्याच अंतरात ती अधिक फेरे घेतात व अधिक तापतात. वाटेत थांबेल तेव्हा माणसाने चाकाच्या मध्यावर हात लावून पाहावा, असा त्यांचा परिपाठ आहे. हात ठेवविला नाही तर पुढे जावयाचे नाही. जादा चाक बरोबर घेतात, पण मोटारीचा जॅक आणि पाना ट्रेलरला लागतो की नाही हे घरीच लावून पाहावे लागते. अंधारात, शून्याखाली वीस अंशांवर, रस्त्याच्या कडेला ते पाहण्यात शहाणपण नाही. चाकांच्या चाक्या घट्ट पिळल्या तरी पहिले पन्नासएक मैल गेल्यावर पुन्हा पिळाव्या लागतात. मोटार व ट्रेलर यांना जोडणाऱ्या सुरक्षेच्या दोन साखळ्या एकीवरून एक फुलीसारख्या ओलांडून लावतात. आकडा निसटलाच तर दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

बर्फगाडी ट्रेलरवर चढविणे हा तर एक स्वतंत्र पराक्रम. तिचे वजन दोनशे ते तीनशे किलो. पुढच्या घसरपट्ट्यांखाली पोलादी धारा. आणि चढावयाची फळी बर्फाने निसरडी. उतावळे लोक अंगठ्याखालची कळ जोरात दाबतात आणि गाडीसकट पुढच्या कठड्यावर आदळतात. सावकाश, एकाने चालवावी, दुसऱ्याने बाजूने पाहावे, मागे मात्र कोणी उभे राहू नये. वर चढली की दोन्ही घसरपट्ट्यांवरून एक आडवी दांडी टाकून ती खाली पिळून घ्यावयाची. मागचा भाग दाबून धरून जाड बंदाने आवळावयाचा. न दाबता बांधली तर रस्त्यातल्या धक्क्यांनी गाडीच्या स्प्रिंगा खालीवर होतात, बंद सैल पडतो, आणि पुढच्या दहा मैलांत तो केवळ शोभेचा उरतो. उत्तरेकडे रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते खारे पाणी मोटारीच्या चाकांनी उडून मागच्या यंत्रांवर व ट्रेलरच्या दिव्यांच्या तारांवर बसते. सकाळी लागलेला मागचा दिवा सायंकाळी लागेलच असे नाही. सगळ्या बाजूंनी बंद असलेले ट्रेलर या बाबतीत बरे. पण त्यांत दार लोटून इंजिन सुरू केले तर धुरातील विषारी वायू आतच कोंडतो. त्याला रंग नाही, वास नाही.

मिशिगनमधील लोकांना आणखी एक परीक्षा द्यावी लागते. त्या राज्याचे दोन भूभाग आहेत आणि त्यांना जोडणारा मॅकिनॅक पूल, १९५७ साली वाहतुकीस खुला झालेला, सुमारे आठ किलोमीटर लांब आहे. खाली सरोवरांची सामुद्रधुनी, वर मोकळा वारा. वाऱ्याचा जोर वाढला की ट्रेलरच्या वाहनांना सोबतीला रखवालाची गाडी देऊन ताशी वीस मैलांच्या गतीने पार नेतात. त्याहून वाढला की पूलच बंद. शुक्रवारी रात्री पोचण्याचा बेत असला तरी पुलाच्या टोकाशी थांबून वारा पडण्याची वाट पाहण्याची तयारी मनात असावी लागते.

आता जावयाचे तरी कोठे? उत्तर मिशिगनमध्ये कीविनॉ नावाचे एक भूशीर लेक सुपीरियर या प्रचंड सरोवरात घुसले आहे. कॅनडाकडून येणारा थंड कोरडा वारा सरोवराच्या न गोठलेल्या पाण्यावरून येताना ओलावा उचलतो आणि भूशिराच्या चढणीवर तो बर्फरूपाने टाकून देतो. मोसमी वारा समुद्रावरून येऊन आंबोलीच्या घाटात पाऊस ओततो, तसेच हे. तेथे रस्त्याच्या कडेला एक उंच मापफलक उभा केला आहे. त्यावरील उच्चांक १९७८-७९ च्या हिवाळ्याचा आहे: ३९०.४ इंच, म्हणजे साडेबत्तीस फूट. इतका बर्फ एकाच वेळी जमिनीवर साचतो असा गैरसमज होऊ नये. ती हिवाळाभरात पडलेल्या बर्फाची बेरीज आहे.

पण सर्वच जागा कीविनॉ नव्हेत. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांत नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. अनेक भागांतील बर्फगाडीचे मार्ग त्या वर्षी उघडलेच नाहीत. वर्षाची कमाई हिवाळ्यावर अवलंबून असलेल्या खाणावळी व पेट्रोलची दुकाने ओस पडली. खोल्या आगाऊ ठरविणाऱ्याने बर्फ आगाऊ ठरविता येत नाही हे ध्यानी घ्यावे. म्हणून बेत करणारे निघण्याच्या आदल्या रात्री त्या त्या जिल्ह्यातील मार्ग उघडे आहेत की बंद, हे पाहतात आणि मगच ट्रेलर जोडतात.

मार्ग उघडे असले तरी दिवस आखावा लागतो. बर्फगाडीच्या टाकीत सुमारे चाळीस लिटर पेट्रोल मावते आणि ते साधारण दीडशे ते दोनशे किलोमीटर पुरते. ओल्या, खोल बर्फात त्याहून बरेच कमी. तेव्हा नकाशावर प्रथम पेट्रोल कोठे मिळते ते पाहावे आणि मग सृष्टिसौंदर्य कोठे आहे ते पाहावे. डिसेंबरात तिकडे सायंकाळी पाचच्या सुमारास अंधार होतो. थंडीचेही एक गणित आहे. हवा उणे वीस अंश असताना ताशी साठ किलोमीटर वेगाने चालले की उघड्या कातडीला ती उणे छत्तीस अंशांइतकी भासते. थोड्याच मिनिटांत नाकाची वा गालाची जागा पांढरी पडून बधिर होते. ज्याचे त्याला ते कळत नाही, दुसऱ्याने तोंडाकडे पाहून सांगावे लागते. एकट्याने जाऊ नये याचे हे एक कारण.

समुदायाने जातानाही एक नियम आम्हास फार आवडला. हरएकाने आपल्या मागच्या माणसाकडे लक्ष ठेवावयाचे. वळण आले की तेथे थांबावयाचे, मागच्याने आपल्याला पाहिले याची खात्री झाली की मगच वळावयाचे. पुढाऱ्याने सगळ्यांना मोजीत बसण्याची गरज राहत नाही. आणि सर्वांत नवख्या माणसाला जो वेग झेपतो तो सर्वांचा वेग. तरुण मंडळींना हा नियम जाचतो असे दिसते. तिकडच्या अपघातांच्या अहवालांत अतिवेग आणि दारू ही दोन नावे पुन्हा पुन्हा येतात. मार्गावरच्या मद्यगृहांपाशी रांगेने उभ्या असलेल्या बर्फगाड्यांची चित्रे आम्ही पाहिली आहेत. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

सर्वांत मोठी धास्ती मात्र गोठलेल्या तळ्यांची. तळे म्हणजे सपाट, मोकळा, सरळ मार्ग. वळसा वाचतो, आणि मोह होतो. मिनेसोटाच्या सृष्टिसंपत्ती खात्याने वर्षानुवर्षांच्या अनुभवावरून प्रमाण घालून दिले आहे: माणसाने चालावयास नवा, पारदर्शक बर्फ निदान चार इंच जाड हवा, बर्फगाडीसाठी पाच ते सात इंच. दुधासारखा पांढरा बर्फ त्याच्या निम्म्याच बळाचा, म्हणून तो दुप्पट जाड हवा. परंतु एके ठिकाणी सात इंच भरला म्हणून पन्नास पावलांवर तो तितकाच असेल असे नाही. ओढा जेथे तळ्याला मिळतो तेथे, पुलाखाली, झऱ्यावर, पाणी आतून हलत असते आणि बर्फ पातळ राहतो. त्यावर ताजे हिम पडले की ते गोधडीसारखे खालच्या बर्फाला उबेत ठेवते, त्याची वाढ खुंटवते आणि त्याचा रंगही झाकते. रात्री तर दिव्याचा उजेड पोचण्यापूर्वीच वेगवान गाडी तेथे पोचलेली असते.

तिकडचे अनुभवी लोक गळ्यात दोरीने ओवलेल्या दोन लाकडी मुठी घालतात. प्रत्येकीला एक टोकदार खिळा. बर्फ फुटून पाण्यात पडलेच तर ज्या दिशेने आलो त्याच दिशेला तोंड फिरवावयाचे, कारण तिकडच्या बर्फाने निदान आपले ओझे आतापर्यंत पेलले होते. खिळे बर्फात रोवून, पाय झाडीत पोटावर वर यावयाचे आणि उभे न राहता लोळत दूर जावयाचे. ओल्या हातांनी गुळगुळीत बर्फाला धरता येत नाही, एवढ्यासाठीच ते दोन खिळे.

परत फिरण्याची एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. मिनेसोटातील राल्फ प्लेस्टेड हे विमा विकण्याचा धंदा करणारे गृहस्थ. त्यांनी १९६७ साली काही मित्रांसह बर्फगाड्यांवरून उत्तर ध्रुव गाठण्याचे मनात घेतले. वादळ आणि बर्फातील उघड्या पाण्याच्या भेगा यांनी त्यांना अडविले. तेव्हा ते हट्टास न पेटता परत आले. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेले, विमानाने पेट्रोल व अन्न पोचविण्याची व्यवस्था अधिक चोख केली, आणि एप्रिल १९६८ मध्ये ध्रुवावर पोचले. ते तेथेच आहेत याची खात्री अमेरिकन वायुदलाच्या विमानाने वरून करून दिली. तीनशे मैल हाकून तळ्याच्या काठी आलेल्या मंडळींना बर्फ पातळ दिसताच ट्रेलरकडे परतणे जड जाते. प्लेस्टेड तर ध्रुवाच्या वाटेवरून परतले होते.

निघताना ही मंडळी आणखी एक गोष्ट करतात. कोणत्या मार्गाने जाणार, पेट्रोल कोठे घेणार, रात्री कोठे उतरणार व परत केव्हा येणार, हे कागदावर लिहून घरी ठेवतात. डोंगराळ भागात फोन चालेलच असे नाही. ठरल्या वेळी कोणी आले नाही, तर शोधणाऱ्याला निदान कोठून आरंभ करावा ते कळते.

हे सारे त्या आजींना आम्ही पुढच्या भेटीत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. इव्हाँची हकीकत सांगताना मात्र त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या तरुणपणी पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की गावचा शहराशी संबंध दोन-दोन दिवस तुटे, आणि त्या दिवसांतील एक-दोन गोष्टी त्या कधी बोलून दाखवीत नाहीत, हे घरच्यांना ठाऊक आहे. थोड्या वेळाने त्यांनी दुसराच प्रश्न काढला.

"हे मार्ग, मार्ग म्हणतोस, ते जातात कोणाच्या जमिनीतून?"

पुन्हा वर्मावर बोट! हे मार्ग काही सरकारी जंगलांतून जातात. पण विस्कॉन्सिनसारख्या राज्यात त्यांचा बराच मोठा भाग शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीतून गेलेला आहे. गावोगावी बर्फगाडीवाल्यांची मंडळे असतात. त्यांचे सभासद विनावेतन काम करतात. उन्हाळा सरला की ते शेतकऱ्याच्या घरी जातात, ओट्यावर बसतात, यंदा कोणते पीक आहे, कोठून जाऊ द्याल, असे विचारतात. शेतकरी बांधाच्या कडेने एक पट्टी दाखवितो. मग खुणांचे खांब रोवावयाचे, ओढ्यांवर लाकडी साकव घालावयाचे, वाटेत पडलेली झाडे तोडावयाची. बर्फ पडला की पट्ट्यांचे मोठे ट्रॅक्टर मागे जड फळी ओढीत, माणसाच्या धावण्याच्या वेगाने, वाट सारखी करीत जातात. हे काम रात्री चालते, कारण सारखा केलेला बर्फ रात्रीच्या गारठ्यात गोठून घट्ट बसतो. सकाळी उशिरा उठून येणाऱ्याला वाट आयती मिळते. प्रवासी मार्गाचा परवाना विकत घेतात, त्यातून या कामाला पैसा येतो.

परंतु एखादा प्रवासी मजेखातर खुणांच्या बाहेर जातो. बर्फाखाली गव्हाचे कोवळे पीक किंवा गुरांचा चारा दबलेला असतो, कोठे लावणीची रोपे असतात. पट्ट्याच्या एका फेऱ्यात ती मोडतात. वसंतात बर्फ वितळला की शेतकऱ्याला ते दिसते. पुढच्या वर्षी तो म्हणतो, "माझ्या रानातून नको." त्याला तसा पूर्ण अधिकार आहे. आणि एका शेताचे फाटक बंद झाले की अलीकडचा वीस मैलांचा मार्ग पलीकडच्या वीस मैलांच्या मार्गापासून तुटतो. मंडळाची माणसे पुन्हा दारोदार फिरून वळसा शोधू लागतात. कधी मिळतो, कधी मिळत नाही.

"आणि त्या शेतकऱ्याला काय मिळते?" आजींनी विचारले.

बहुतेकांना भाडे मिळत नाही. त्यांच्या जमिनीवर कोणाला अपघात झाला तर साधारणपणे त्यांच्यावर भरपाईचा दावा चालू नये, असे संरक्षण विस्कॉन्सिनच्या कायद्याने त्यांना दिले आहे. आणि बहुतेक मंडळे वर्षातून एकदा आपल्या भागातील अशा सर्व शेतकरी कुटुंबांना जेवावयास बोलावितात.

"जेवायला," आजी म्हणाल्या. त्यांनी छायाचित्र पुन्हा एकदा मागून घेतले, ट्रेलर, मोटार आणि त्यांच्यामागे पसरलेले पांढरे रान पाहिले, आणि नातवाला सांगितले की काकांना फोन करशील तेव्हा हे रान कोणाचे आहे ते विचार.